मागच्या पानावरची ओळ

नमस्कार. तुमचं तीन पानी पत्र वाचलं. मुलीचे नीटचे दोन प्रयत्न झाले, तिसरा द्यायचाच, पुढे तिने त्वचारोगतज्ज्ञ होऊन लेझर क्लिनिक काढायचं, म्हणून चौकात गाळाही बुक केलात. ती मात्र ‘फिजिक्स’ धरून बसली आहे, तो हट्ट कसा मोडायचा, असं विचारलंत.

मला तिच्या गुणांची नाही, त्या गाळ्याची काळजी वाटली. क्लासला जाताना तो रोज दिसतो, हे तुम्हीच कौतुकानं लिहिलंय. अहो, एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची आणखी तीन, त्यातही त्वचारोगाच्या जागेसाठी भल्याभल्यांची दमछाक होते. पहिलाच प्रवेश व्हायचाय आणि तुम्ही बोर्ड कुठे लावायचा ते ठरवताय! तिसरा प्रयत्न तिला मनापासून द्यायचा नसेल, तर तो द्यायला लावू नका.

तिसऱ्या पानामागे पेन्सिलीनं तिची एक ओळ आहे. तुम्ही पाहिली नसावी. ‘१०६४ नॅनोमीटर आणि १०६००, दोन्ही लेझर डोळ्यांना दिसत नाहीत, मग जखम वेगळी का?’

बेटा, तुझे आकडे किरणांच्या तरंगलांबीचे, आणि जखम वेगळी होते ती त्वचेतल्या पाण्यामुळे. १०६०० चा किरण पाणी मिलिमीटरच्या काही शतांश भागातच गिळून टाकतं, म्हणून वरचा थर होरपळतो. १०६४ ला पाणी फारसं अडवत नाही. तो काही मिलिमीटर आत जातो. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभाग दाखवतो, आत किती तापलं ते नाही. ते मोजायला आणि गणितानं मांडायला माणसं लागतात. शिवाय तापमानाइतकाच वेळ महत्त्वाचा. हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये दाखवलं की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात.

बाबा, तुमचा समज असा दिसतो की लेझर आणि त्वचा म्हणजे डॉक्टरचंच काम, आणि फिजिक्स म्हणजे फार तर मास्तरकी. पण त्वचा भाजण्याचा तो अभ्यास करणाऱ्या दोघांपैकी मॉरिट्झ पॅथॉलॉजीचे. किती तापमानाला किती वेळात किती इजा, याचं समीकरण मांडलं ते हेन्रिक्स यांनी, आणि ते रसायनशास्त्राचे. १०६०० चा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. स्टेथोस्कोपशी संबंध नाही. त्वचेवर किती शक्तीचा किरण किती वेळ चालेल, याच्या सुरक्षा-मर्यादा अशाच मोजमापांतून ठरतात. उद्या तुमच्या त्या क्लिनिकमधल्या मशीनलाही त्याच लागतील.

वाटा माहीतच असतील: आयसर या विज्ञानसंस्थांची परीक्षा, तशाच विज्ञान अभ्यासक्रमांसाठीची नेस्ट परीक्षा, सीईटीतून बायोमेडिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंग, नाहीतर सरळ बीएस्सी फिजिक्स. बारावी कोणत्या वर्षीची चालते ते आधी तपासा आणि तिने गणित विषय सोडलेला नाही ना ते बघा. लेझरवर काम करणारी इंदूरची राजा रामण्णा संस्था तिला इंटरनेटवर दाखवा.

गाळा भाड्यानं द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. पानामागे जागा उरली, तर तुम्ही पेन्सिलीनं लिहा.