वयात येताना दुखणं खरंच जास्त जाणवतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 13 वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन वर्ष झालं. आधी गुडघे फोडून आली तरी हूं की चूं करायची नाही, आता मात्र कधी डोकं, कधी पोट, कधी पाठ. हे हार्मोन्समुळे, की नाटक?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, या वयाची मुलं माझ्याकडे नेहमी येतात. नाटक समजू नका. तिला दुखतंय म्हणजे दुखतंय.

वयात येण्याआधी मायग्रेनचं प्रमाण मुलामुलींत जवळपास सारखं असतं. पुढे मुलींमध्ये ते वाढत जातं आणि मोठेपणी बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. इस्ट्रोजेन हे बायकांमधलं मुख्य हार्मोन मेंदू, मज्जारज्जू आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसांवर काम करतं. त्याची पातळी सारखी वरखाली होते, आणि पाळीच्या तोंडावर ती झपाट्याने उतरते तेव्हा अनेकींचं डोकं उठतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषांमधल्या मुख्य हार्मोनचा कल उलट, वेदना थोडी बोथट करण्याकडे दिसतो. पण सगळंच हार्मोन्सवर ढकलू नका. या वयात झोप उशिरा येते, शाळा सकाळीच असते, आणि अपुऱ्या झोपेने तेच दुखणं जास्त बोचतं. काळजी, परीक्षेचा ताण यांचंही तेच.

पोटदुखीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे लगेच करता येण्यासारखं काही आहे. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्या बीज बाहेर न पडताच येतात आणि त्या फारशा दुखत नाहीत. चक्र बसत गेलं की दुखणं सुरू होतं, म्हणून 'आधी तर काही नव्हतं' हे अगदी जुळतं. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, गर्भाशय जोरात आवळतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामक गोळ्या हे प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. मुली मात्र दात-ओठ खाऊन सोसतात आणि अगदी असह्य झालं की गोळी मागतात. तोवर उशीर झालेला असतो. डॉक्टरांना डोस विचारून ठेवा आणि दुखायला लागताच गोळी द्या. दरमहा तीव्र कळा सोसणाऱ्यांमध्ये इतर दिवशी, शरीराच्या इतर भागांतही वेदना जास्त जाणवते असं आढळलंय. म्हणून 'सवय होईल' हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

दोन-तीन महिने तिलाच वहीत लिहू द्या : तारीख, कुठे दुखलं, पाळीचा कितवा दिवस, आदल्या रात्री किती झोप झाली. डॉक्टरांना 'सारखं दुखतं' यापेक्षा ही वही कितीतरी जास्त सांगते. हालचाल, खेळ बंद करू नका. अंथरुणात पडून राहिल्याने पाठ आणखी धरते.

गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) या वयातही असतो. आणि डोकेदुखीने झोपमोड होत असेल, सकाळी उलट्या होत असतील, दिसायला त्रास असेल, सांधा सुजला असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, तर वही वगैरे बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.