आरएमओचं बीजगणित: २४√३ का नाही आणि ६४ का

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अकरावीत आहे, आयओक्यूएम (गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा) पार झाली, आता आरएमओची (प्रादेशिक गणित ऑलिंपियाडची) तयारी चालू आहे. शाळेचं बीजगणित पक्कं, सूत्रं तोंडपाठ. पण असमानता, बहुपदी आणि फलन समीकरणं (ज्यांत संख्या नाही, तर फलनच शोधायचं असतं) आली की गाडी अडते. सोबत तिने सोडवलेलं एक गणित दिलंय. अ, ब, क या धन संख्या, अ + ब + क = १; तर (१ + १/अ)(१ + १/ब)(१ + १/क) ची किमान किंमत काढा. तिचं उत्तर २४√३, उत्तरसूचीत ६४. "चूक कुठे आहे आणि तिच्याकडून नेमकं काय करून घ्यावं?"

तिच्या कागदापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक मुलं जिथे अडतात ती जागा त्यातच आहे.

तिने एएम-जीएम (धन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणोत्तर मध्यापेक्षा कमी नसते) लावून १ + १/अ ≥ २/√अ लिहिलं, ब आणि क साठीही तेच केलं. तिन्हींचा गुणाकार ८/√(अबक) पेक्षा कमी नाही, आणि अबक ≤ १/२७, म्हणून उत्तर ८√२७, म्हणजे २४√३, सुमारे ४१.५७. यातली एकही ओळ खोटी नाही. तो गुणाकार ४१.५७ पेक्षा मोठा आहे हे खरंच आहे; तसा तो १० पेक्षाही मोठा आहे. पण 'किमान किंमत' म्हणायचं तर ती कुठेतरी प्रत्यक्ष गाठली गेली पाहिजे. पहिल्या ओळीत बरोबरी येते १ = १/अ असताना, म्हणजे अ = १ ला. तिन्ही संख्या १ झाल्या तर बेरीज ३ होते आणि दिलेली अट मोडते. बरोबरी येऊच शकत नाही अशा ठिकाणी तिने असमानता वापरली, एवढीच चूक.

म्हणून पेन उचलण्याआधी अंदाज घ्यायचा. अ = ब = क = १/३ ठेवलं तर ४ × ४ × ४ = ६४. जरा वेडंवाकडं करून बघू: १/२, १/४, १/४ घेतलं तर ३ × ५ × ५ = ७५. म्हणजे ६४ हा चांगला उमेदवार आहे. आता या बिंदूपाशी १ + १/अ मधली पदं काय आहेत? १ आणि ३. एएम-जीएममध्ये बरोबरी फक्त सगळी पदं समान असताना येते, त्यामुळे १ आणि ३ वर ती थेट लावून ६४ कधीच मिळणार नाही. तीनचे तीन तुकडे करावे लागतील. किंवा त्याहून सोपं: १ + १/अ = (अ + १)/अ, आणि अटीतला १ उघडून अ + १ = अ + अ + ब + क. ही चारही पदं आपल्या बिंदूपाशी १/३ आहेत. एएम-जीएमने ती बेरीज ४ × (अ²बक चं चौथं मूळ) पेक्षा कमी नाही. तशाच तीन ओळी गुणल्या की मुळाखाली अ⁴ब⁴क⁴ येतं, त्याचं चौथं मूळ अबक, ते छेदातल्या अबकशी कटतं आणि ६४ उरतात. काम झालं.

हीच सवय तिला लावा: आधी बरोबरीचा बिंदू, मग हत्यार. जे हत्यार त्या बिंदूपाशी 'सैल' पडतं ते लगेच खाली ठेवायचं. यात वेळही वाचतो, कारण दहा चुकीच्या वाटा दोन मिनिटांत बाद होतात.

मात्र बरोबरी नेहमी अ = ब = क ला येते असं धरून चालू नये. अ, ब, क ऋण नसलेल्या आणि बेरीज ३. अ²ब + ब²क + क²अ ची कमाल किंमत? तिन्ही १ ठेवलं तर ३ येतं, पण (२, १, ०) ठेवा, ४ येतं, आणि खरं उत्तर ४ च आहे. म्हणून अंदाज घेताना तीन जागा तपासायच्या: सगळे समान, दोन समान आणि तिसरा वेगळा, आणि एखादा शून्य. राशी वरच्यासारखी चक्राकार असेल, म्हणजे अ-ब-क फिरवल्या तर तशीच राहते पण फक्त दोघांची अदलाबदल केली की बदलते, तर कडेवरची जागा दुप्पट काळजीने बघायची.

आता अबक = १ ही अट. क्लासच्या नोट्समध्ये 'अबक = १ दिसलं की अ = क्ष/य, ब = य/झ, क = झ/क्ष ठेवा' असं छापलेलं असतं. कधी उत्तम चालतं. २००० साली दक्षिण कोरियात झालेल्या आयएमओतला (आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधला) दुसरा प्रश्न: धन अ, ब, क, अबक = १; सिद्ध करा की (अ − १ + १/ब)(ब − १ + १/क)(क − १ + १/अ) ≤ १. वरचं रूप घातलं की पहिला कंस (क्ष − य + झ)/य होतो, आणि सगळं मिळून सिद्ध करायचं ते असं: (क्ष − य + झ)(य − झ + क्ष)(झ − क्ष + य) ≤ क्षयझ. पहिल्या दोन कंसांचा गुणाकार क्ष² − (य − झ)², म्हणजे क्ष² पेक्षा जास्त नाही. तशाच तीन जोड्या गुणून वर्गमूळ घेतलं की संपलं.

संपलं का? इथेच गुण जातात. जोड्यांच्या असमानता एकमेकींशी गुणताना डाव्या बाजू ऋण नकोत, आणि कंस ऋण असू शकतात. म्हणून आधी लिहायचं: कुठल्याही दोन कंसांची बेरीज २क्ष, २य किंवा २झ, म्हणजे धन, त्यामुळे दोन कंस एकाच वेळी ऋण किंवा शून्य असू शकत नाहीत. एकच कंस ऋण किंवा शून्य असेल तर डावी बाजू धन नाही, उजवी धन आहे, सिद्ध. तिन्ही धन असतील तरच वरचा गुणाकार. या दोन ओळी नसतील तर उत्तर अपुरं, आणि आयएमओत ७ पैकी गुण मोजताना अशी गाळलेली शक्यता परीक्षक सोडत नाहीत. (या शेवटच्या असमानतेला शूरची असमानता म्हणतात, पण नाव माहीत नसलं तरी काही बिघडत नाही हे दिसलंच.)

आणि कधी तेच रूप घातलं की गोंधळ वाढतो. १९९५ चा आयएमओ, कॅनडा, दुसरा प्रश्न: अबक = १, सिद्ध करा की १/(अ³(ब + क)) आणि तिची दोन भावंडं मिळून ३/२ पेक्षा कमी नाहीत. छेदात घन आहे, त्यामुळे इथे सरळ उलटं करावं: क्ष = १/अ, य = १/ब, झ = १/क. क्षयझ = १ असल्यामुळे पहिलं पद क्ष²/(य + झ) इतकं साधं होतं. कॉशी-श्वार्ट्झने (वर्ग भागिले धन संख्या अशा पदांची बेरीज ही मुळांच्या बेरजेचा वर्ग भागिले छेदांची बेरीज यापेक्षा कमी नसते) तिन्हींची बेरीज (क्ष + य + झ)/२ पेक्षा कमी नाही, आणि एएम-जीएमने क्ष + य + झ ≥ ३. तीन ओळी. दोन्ही प्रश्नांत अट एकच असून रूप वेगळं, कारण रूप अटीवरून ठरत नाही, राशी बघून ठरतं.

सममित राशींवर आयओक्यूएममध्ये भरपूर प्रश्न असतात, ते ती करत असेलच, म्हणून एकच देतो. अ + ब + क = ३, वर्गांची बेरीज ५, घनांची ७; चतुर्थ घातांची बेरीज काढा. थ = अब + बक + कअ = (९ − ५)/२ = २. द = अबक धरा. घनांची बेरीज = ३·५ − २·३ + ३द = ९ + ३द = ७, म्हणून द = −२/३. चतुर्थ घातांची = ३·७ − २·५ + द·३ = २१ − १० − २ = ९. छान, ३, ५, ७, ९! आता पाचव्या घातांची विचारली तर मुलं डोळे मिटून ११ लिहितात. येतं ३·९ − २·७ + द·५ = २७ − १४ − १०/३ = २९/३. शिवाय या अ, ब, क तिन्ही वास्तव नाहीतच; त्या ट³ − ३ट² + २ट + २/३ = ० ची मुळं आहेत आणि त्यातलं एकच वास्तव आहे. बेरजांच्या सूत्रांना त्याने फरक पडत नाही, पण अशा ठिकाणी मध्येच एएम-जीएम घुसवलं तर सगळंच चुकेल.

पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी प बाबत एकच गोष्ट हाडात भिनली पाहिजे: म आणि न हे वेगवेगळे पूर्णांक असतील तर म − न ने प(म) − प(न) ला नि:शेष भाग जातो. १९७४ च्या अमेरिकेच्या गणित ऑलिंपियाडचा पहिला प्रश्न यावरच उभा आहे. वेगवेगळ्या पूर्णांक अ, ब, क साठी प(अ) = ब, प(ब) = क, प(क) = अ असं होऊ शकत नाही, हे दाखवा. अ − ब ने ब − क ला भाग जातो, ब − क ने क − अ ला, क − अ ने अ − ब ला. तिन्ही शून्येतर आहेत, म्हणून केवलमूल्यं क्रमाने वाढती किंवा समान, आणि फिरून पहिल्याशीच येतात. म्हणजे तिन्ही समान, समजा ड. पण तिन्ही फरकांची बेरीज शून्य असते, आणि तीन वेळा +ड किंवा −ड घेऊन बेरीज ±ड किंवा ±३ड येते, शून्य नाही. विसंगती. 'वेगवेगळ्या' हा शब्द उत्तरात कुठे वापरला ते तिला विचारा. सांगता आलं नाही तर सिद्धता पाठ झालीय, कळलेली नाही. हाच धागा पुढे ओढला की २००६ च्या स्लोव्हेनियातल्या आयएमओचा पाचवा प्रश्न येतो. तो आत्ता नको, आयएनएमओच्या (आरएमओनंतरच्या राष्ट्रीय फेरीच्या) वेळी.

फलन समीकरणं. 'क्ष = ०, य = ० ठेवून बघा' एवढंच सांगितलं तर मूल दहा किमती घालतं आणि दहा निरुपयोगी ओळी मिळवतं. इथेही आधी उत्तराचा अंदाज: स्थिर फलन चालतं का, म·न + स चालतं का? २०१९ चा आयएमओ, पहिला प्रश्न: पूर्णांकांवरून पूर्णांकांत जाणारी सगळी फ शोधा, ज्यांत फ(२अ) + २फ(ब) = फ(फ(अ + ब)). फ(न) = म·न + स घातलं की म² = २म आणि (२ − म)स = ० मिळतं. म्हणजे उमेदवार दोन: फ(न) = ०, किंवा फ(न) = २न + स, स कुठलाही पूर्णांक. आता ध्येय कळलं: फ रेषीय आहे एवढंच सिद्ध करायचंय.

उजवीकडे अ आणि ब फक्त बेरजेतून येतात, हे बारकाईने बघा. अ = ० ठेवा: फ(०) + २फ(ब) = फ(फ(ब)). हेच ब च्या जागी अ + ब घालून वापरलं की दुहेरी फ नाहीसा होतो: फ(२अ) + २फ(ब) = फ(०) + २फ(अ + ब). आता ब = ०: फ(२अ) = २फ(अ) − फ(०). परत घाला, दोनने भागा: फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब) − फ(०). पूर्णांकांवर याचा अर्थ फ रेषीय, कारण फ(न + १) − फ(न) स्थिर आहे. शेवटी दोन्ही उमेदवार मूळ समीकरणात घालून पडताळायचे, आणि ते उत्तरपत्रिकेवर लिहायचं. 'स्पष्टच आहे' असं लिहून पडताळा गाळला की हातचा गुण जातो.

याच प्रकरणात दोन खड्डे आहेत. पहिला: फ(अ + ब) = फ(अ) + फ(ब) वरून फ(क्ष) = म·क्ष हे पूर्णांक आणि परिमेय संख्यांवर खरं आहे; वास्तव संख्यांवर नाही, तिथे सांतत्य, एकदिशता किंवा एखाद्या अंतरावर मर्यादित असणं असं काहीतरी जास्तीचं हातात लागतं. दुसरा खड्डा जास्त खोल: फ(क्ष)² = क्ष² आलं की मुलं 'म्हणून फ(क्ष) = क्ष किंवा फ(क्ष) = −क्ष' लिहून मोकळी होतात. मिळालंय ते एवढंच की प्रत्येक क्ष साठी स्वतंत्रपणे दोनपैकी एक. क्ष चं केवलमूल्य हेही त्यात बसतं. पुढची पायरी ठरलेली: शून्येतर अ साठी फ(अ) = अ आणि शून्येतर ब साठी फ(ब) = −ब असं धरायचं, दोन्ही मूळ समीकरणात एकत्र घालायचे आणि विसंगती काढायची.

लेखनाबद्दल एकच कडक नियम. असमानता सिद्ध करताना सिद्ध करायची ओळच वर लिहून खाली '० ≤ (अ − ब)², खरं' पर्यंत उतरायचं, ही पद्धत कच्च्या कागदावर ठीक. पक्क्या प्रतीत एक तर खालून वर लिहायचं, नाहीतर प्रत्येक पायरी दोन्ही दिशांनी खरी आहे हे लिहायचं. मध्ये वर्ग केला असेल तर दोन्ही बाजू ऋण नाहीत हे त्याच ओळीत.

सरावाचं म्हणाल तर आरएमओत ३ तासांत ६ प्रश्न, म्हणजे सरासरी अर्धा तास. घरी एका प्रश्नाला तासभर द्यायला हरकत नाही, पण पहिली दहा मिनिटं फक्त लहान किमती घालून बघण्यात जाऊ द्या, आणि उत्तर बघायचंच झालं तर पहिली ओळ बघून पान बंद करायचं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर आरएमओ-आयएनएमओच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत; जाडजूड संग्रहांपेक्षा त्या आधी संपवा. मुइरहेडसारखी जड प्रमेयं आत्ता बाजूला ठेवा. एएम-जीएम, कॉशी-श्वार्ट्झ आणि वर्गांची बेरीज एवढ्यावर आरएमओ पातळीच्या बहुतेक असमानता सुटतात. आणि तिने २४√३ काढलेला तो कागद फेकू नका. त्यावरच्या प्रत्येक '≥' शेजारी बरोबरी कधी येते ते तिला लाल पेनने लिहायला सांगा, मग पुढच्या पाच-सहा गणितांतही तसंच.