घासण्याआधी थांब

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियममध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात, गाडीचे जुने डबे जपायला शिकायचंय ना? मग पहिली गोष्ट, चकचकीत करायची घाई नको.

एनॅमलची, म्हणजे पोलादावर काचेसारखा लेप दिलेली पाटी हातात आली की आधी बोल्टची भोकं बघ. तिथला टवका उडाला की आतलं पोलाद गंजतं आणि गंज कडेनं एनॅमलखाली सरकत जातो. मऊ कापड, थोडं डिस्टिल्ड पाणी, लगेच कोरडं पुसणं, बस्स. सुरुवातीला मी एका पाटीवर तारेची घासणी फिरवली होती. तिची चमक गेली ती गेलीच, अजून जीव हळहळतो.

गाडी कुठे जाणार ते दाखवणारा कापडी रोल घडी घालून कधीच ठेवू नकोस. घडीवर रंग तडकतो आणि नेमकं स्टेशनचं नावच जातं. गुंडाळूनच ठेव, मध्ये आम्लरहित कागद घाल.

१९३० च्या दशकातल्या आर-१ नावाच्या प्रकारच्या डब्यात वेताची आसनं आणि छताला पंखे आहेत. झिजलेला वेत लगेच बदलायचा मोह आवर. ती झीज माणसांच्या रोजच्या बसण्या-उठण्याची आहे. आधी फोटो, मोजमाप, नोंद.

जुना रंग खरवडू नकोस, त्यात शिसं असू शकतं. आणि हे संग्रहालय १९४६ मध्ये बंद झालेल्या खऱ्या कोर्ट स्ट्रीट स्टेशनात आहे. स्टेशन बंद असलं तरी गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळात अजून वीज असते, त्यामुळे परवानगीशिवाय फलाटाखाली पाऊल नाही.

२००१ पासून शेकडो रेडबर्ड, म्हणजे लाल रंगाचे जुने डबे अमेरिकेतल्याच डेलावेअर राज्याजवळ समुद्रात बुडवले, माशांना आसरा म्हणून. त्यामुळे उरलेल्यांचा एकेक स्क्रूसुद्धा डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेव.