वाचकांचे प्रश्न : पिंपावरचा आकडा वाचायचा कसा?

या खेपेच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न रसायनांच्या धोक्याच्या वर्गीकरणाचे आहेत. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : साकीनाक्याला आमचा छपाईच्या शाईचा गाळा आहे. टोल्युइन हे सॉल्व्हंट दोन सप्लायरांकडून येतं. एकाच्या एमएसडीएसवर (रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीच्या कागदावर) चार रंगांचा हिरा आहे : निळ्यात २, लालमध्ये ३, पिवळ्यात ०. दुसऱ्याच्या कागदावर ‘ज्वलनशील द्रव, वर्ग २’ असं छापलंय. मग दुसऱ्याचा माल कमी पेट घेणारा समजायचा का?

उत्तर : नाही. माल एकच आहे, मोजपट्ट्या दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. हिरा हा अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या ‘एनएफपीए ७०४’ पद्धतीचा : निळा आरोग्याचा, लाल आगीचा, पिवळा अस्थिरतेचा. त्यात ० सगळ्यात सौम्य आणि ४ सगळ्यात वाईट. आग विझवायला आलेल्या जवानाला लांबूनच अंदाज यावा म्हणून ती पद्धत आखली गेली. दुसरा कागद ‘जीएचएस’चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीचा. त्यात वर्ग १ सगळ्यात वाईट आणि आकडा वाढेल तसा धोका उतरतो. या दोन पट्ट्यांची गल्लत फार ठिकाणी होते. गाळ्यात एकच पट्टी ठरवून भिंतीवर लावा आणि दुसऱ्या पद्धतीचा आकडा आला की तो तसाच उतरवू नका, मुळाशी जाऊन ताडून घ्या.

मुळाशी म्हणजे कागदाच्या नवव्या विभागात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ठिणगीने वाफ पेटू शकते ते सगळ्यात कमी तापमान) ४ अंश सेल्सिअस आणि उत्कलनबिंदू ११०.६. जीएचएसचा नियम असा : फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि द्रव ३५ अंशांपर्यंतच उकळायला लागत असेल तर वर्ग १ (ईथर यात बसतं), फ्लॅश पॉइंट तितकाच खाली पण उकळणं ३५ च्या वर असेल तर वर्ग २, २३ ते ६० मध्ये वर्ग ३, ६० च्या वर ९३ पर्यंत वर्ग ४. म्हणून टोल्युइन वर्ग २. पेट्रोलियम कायद्याच्या हिशेबात २३ च्या खालचं सगळं ‘क्लास ए’, म्हणून तिथे ते क्लास ए. टँकरवर यूएन १२९४ (वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक) आणि वर्ग ३ लिहिलेलं असतं. तो ३ म्हणजे ‘ज्वलनशील द्रव’ ही जात, तीव्रता नव्हे. एकाच पिंपाला चार नावं, पण चारही नावांमागे तेच ४ अंश आहेत.

आता या ४ अंशांचा अर्थ. फ्लॅश पॉइंटला द्रव आपोआप पेटत नाही. टोल्युइन आपोआप पेटायला साधारण ४८० अंश लागतात. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर इतकी वाफ साचते की एक ठिणगी पुरते. हवेत टोल्युइनची वाफ सुमारे १.१ ते ७.१ टक्के असली की ती पेटते. बंद पिंपातल्या मोकळ्या जागेत २५ अंशांना ही वाफ ३.७ टक्क्यांच्या आसपास असते आणि ३५ अंशांना सुमारे ६.२. म्हणजे जानेवारीची पहाट असो की मे महिन्याची दुपार, मुंबईत अर्धवट भरलेल्या पिंपातली हवा बाराही महिने पेटण्याच्या पट्ट्यातच असते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट होते की ती सहसा पट्ट्याच्या वर जाते. टोल्युइनला ती सूट नाही. रिकामं झालेलं पिंप ‘संपलं’ म्हणून कापायला किंवा वेल्डिंगला देणं सगळ्यात घातक, ते याचमुळे.

दुसरं, ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. पोटमाळ्यावरचा एक्झॉस्ट फॅन तिला धरत नाही. ती जमिनीलगत सरकत उंबऱ्यापर्यंत, शेजारच्या गाळ्याच्या मोटारीपर्यंत जाते. हवा खेचायची तर जमिनीपासून वीतभर उंचीवरून खेचा.

पिंपातून बादलीत काढताना प्लास्टिकची बादली नको. टोल्युइन वीज वाहून नेत नाही. ओतताना त्यात चढलेला विद्युतभार तसाच राहतो आणि हँडलकडून हाताकडे उडी मारतो. पिंप आणि धातूची बादली तांब्याच्या तारेने आधी एकमेकांना जोडा, मग पिंप अर्थिंगला जोडा. क्लिप रंगावर लावून उपयोग नाही. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा. नळी बादलीच्या तळापर्यंत न्या म्हणजे द्रव उंचावरून पडून शिंतोडणार नाही. ‘पावसाळ्यात हवा दमट असते, स्थिर वीज होत नाही’ असं बरेच जण म्हणतात. दमटपणाने कपड्यांवरचा आणि पृष्ठभागावरचा भार कमी होतो, द्रवाच्या पोटातला नाही.

आणि कागदावरचा दुसरा भाग वाचलात का? टोल्युइनला फक्त आगीचा वर्ग नाही. एच३०४ आहे (‘एच’चे आकडे म्हणजे धोका सांगणाऱ्या ठरीव वाक्यांचे क्रमांक) : गिळल्यावर फुफ्फुसात गेलं तर जीवघेणं. हे विषाच्या मात्रेमुळे नाही, पातळपणामुळे आहे. घोट घशातून सरळ श्वासनलिकेत उतरतो. म्हणून तोंडाने नळी ओढून सायफन करणं बंद करा, हातपंप स्वस्त मिळतो. कोणी गिळलंच तर उलटी करवू नका, कारण परत वर येतानाही तेच होतं. कागद घेऊन थेट दवाखाना गाठा. एच३६१डी म्हणजे गर्भातल्या बाळाला अपाय झाल्याचा संशय. गाळ्यात स्त्रिया काम करत असतील तर ही ओळ त्यांना वाचून दाखवा, ती दडवून ठेवायची नाही. एच३३६ म्हणजे गुंगी, एच३१५ म्हणजे त्वचेचा दाह आणि एच३७३ म्हणजे दीर्घकाळ वाफ घेतल्याने इंद्रियांना इजा. वासावर भरवसा ठेवू नका. नाक काही वेळाने सरावतं.

तुमचं २०० लिटरचं पिंप असेल तर परवान्याकडेही पाहा. विक्रीसाठी नसलेला क्लास ए माल एकूण ३० लिटरपर्यंतच पेट्रोलियम परवान्याशिवाय ठेवता येतो. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३९४, म्हणजे असा माल ठेवायला लागणारा महापालिकेचा परवाना, ही वेगळी बाब आहे. एक परवाना दुसऱ्याची जागा घेत नाही.

प्रश्न : आमच्याकडे झायलीन आहे. ते वर्ग ३, म्हणजे टोल्युइनपेक्षा बरं. मग तेवढी काळजी लागत नाही ना? — मशीद बंदर

उत्तर : बाजारातल्या मिश्र झायलीनचा फ्लॅश पॉइंट २७ अंशांच्या आसपास असतो. थंड प्रदेशात ते खरंच थोडं सुरक्षित. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात एप्रिल-मेमध्ये ३५ अंश सहज होतात. तिथे ते टोल्युइनसारखंच वागतं. वर्ग २ आणि ३ मधली रेघ २३ अंशांवर आखलेली आहे, तुमच्या गोदामाच्या तापमानावर नाही. दुपारी तीन वाजता छपराखाली थर्मामीटर टांगा आणि तो आकडा फ्लॅश पॉइंटशेजारी लिहा. छपराखालचा आकडा फ्लॅश पॉइंटच्या वर असेल, किंवा खाली असूनही फरक ५ अंशांपेक्षा कमी असेल, तर त्या मालाला वर्ग २ ची शिस्त लावा.

प्रश्न : कुर्ल्यात आम्ही नळ्या-मोऱ्या साफ करायचा द्रव बनवतो. कॉस्टिक सोडा १० टक्के, दोन सॉल्व्हंट, बाकी पाणी. लेबलासाठी प्रत्येक घटकाच्या एलडी ५० ची (चाचणीतले निम्मे प्राणी ज्याने मरतात त्या मात्रेची) टक्केवारीनुसार सरासरी काढली. ‘गिळल्यास हानिकारक’ एवढंच लिहिलं तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. दोन चुका आहेत आणि दुसरी जास्त मोठी आहे.

पहिली हिशेबाची. एलडी ५० जितका लहान तितकं विष जहाल, म्हणून सरळ सरासरी उलटं चित्र देते. प्रत्येक घटकाची टक्केवारी त्याच्या एलडी ५० ने भागायची, आलेले भागाकार मिळवायचे आणि १०० ला त्या बेरजेने भागायचं. समजा एक घटक २० टक्के, एलडी ५० २०० मिलिग्रॅम प्रति किलो. दुसरा १० टक्के, ५००. २० भागिले २०० म्हणजे ०.१, १० भागिले ५०० म्हणजे ०.०२, बेरीज ०.१२. १०० भागिले ०.१२ म्हणजे सुमारे ८३३. जीएचएसमध्ये तोंडावाटे ३०० च्या वर २००० पर्यंत वर्ग ४, म्हणजे ‘हानिकारक’. पाण्यासारखे निर्विष घटक या बेरजेत धरायचे नाहीत. एखाद्या घटकाची माहितीच नसेल आणि तो १० टक्क्यांहून जास्त असेल, तर १०० मधून तेवढे टक्के वजा करून उरलेला आकडा भागाकारात १०० च्या जागी ठेवायचा. माहिती नसलेल्याला शून्य धोका धरणं ही नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक म्हणजे गिळण्यापाशीच थांबणं. प्रत्येक धोका स्वतंत्रपणे तपासावा लागतो. तुमच्या द्रवात खरा धोका कॉस्टिकचा आहे, आणि तिथे वरचा हिशेब चालत नाही. पीएच २ किंवा त्याखाली, अथवा ११.५ किंवा त्यावर असेल तर मिश्रण त्वचा जाळणारं धरायचं. अशा प्रखर आम्ल-अल्कलीसाठी जीएचएसची मर्यादा १ टक्का आहे. तुमच्याकडे १० टक्के आहेत. म्हणजे एच३१४, हातावर आणि पत्र्यावर थेंब पडणाऱ्या परीक्षानळीचं चिन्ह, आणि लेबलावरचा संकेतशब्द (धोक्याची तीव्रता सांगणारा एक ठळक शब्द) ‘इशारा’ नव्हे, ‘धोका’.

गिऱ्हाईक दहापट पाणी घालतं म्हणून सौम्य लेबल लावू नका. १ टक्का कॉस्टिकचा पीएच १३ च्या वरच असतो. दहापट पातळ केल्याने तो फक्त एकाने उतरतो. डोळ्यात गेलं तर अल्कली आम्लापेक्षा खोल शिरते, कारण ती ऊती विरघळवत पुढे जाते. म्हणून डोळे वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवायचे आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

लेबलावर आणखी दोन ओळी हव्यात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतू नये, कारण कॉस्टिक त्याच्याशी झगडून हायड्रोजन सोडतं. आणि मोरीत आधी ॲसिड टाकलेलं असेल तर वापरू नये. द्रव उसळून अंगावर येतो.

प्रश्न : ‘वर्गीकृत नाही’ असं लिहिलेलं रसायन निर्धोक समजावं का? — सेफ्टीचा विद्यार्थी, महापे

उत्तर : त्या शब्दांमागे तीन गोष्टी असू शकतात : तपासलं आणि निकषात बसलं नाही, तपासलंच नाही, किंवा त्या धोक्याला जीएचएसमध्ये रकानाच नाही. पहिल्या दोघांमधला फरक अकराव्या विभागात कळतो. तिथे चाचणीचे आकडे आहेत की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आहे, ते पाहा.

तिसऱ्याचं उदाहरण नायट्रोजन. लेबलावर फक्त सिलिंडरचं चिन्ह आणि ‘दाबाखालचा वायू’. विषारी म्हणून एक शब्द नाही, कारण तो विषारी नाहीच. पण टाकीत नायट्रोजन भरलेला असेल आणि ऑक्सिजन २०.९ वरून १० टक्क्यांखाली गेला असेल तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. वास नाही, गुदमरल्यासारखं वाटत नाही. कारण श्वास कोंडल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते आणि तो तर श्वासावाटे बाहेर जातच असतो. मदतीला धावलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. टाकीत उतरण्याआधी मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाला ऑक्सिजन मोजा, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. ‘वर्गीकृत नाही’ वाचून कोणी हे टाळू नये, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. मसाला दळणाऱ्या किंवा स्टार्च हाताळणाऱ्या गाळ्यातल्या धुळीच्या स्फोटालाही असाच स्वतंत्र वर्ग नाही.

प्रश्न : आपल्याकडे जीएचएस लावायचं की १९८९ चे नियम?

उत्तर : घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे १९८९ चे नियम हे कायद्याचं बंधन, ते १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली, भोपाळच्या दुर्घटनेनंतरच्या काळात आले. त्यांचे निकष जीएचएसशी पुष्कळ जुळतात, पण तंतोतंत नाहीत. तोंडावाटे एलडी ५० २५० असलेला पदार्थ जीएचएसमध्ये वर्ग ३, ‘विषारी’. १९८९ च्या नियमांत ‘विषारी’ची हद्द २०० पर्यंतच. तपासणीसाठी नियमांची यादी पाहा. कामगारांसाठी दोहोंतलं जे कडक असेल ते लावा.

प्रश्न : पिंपावरचं लेबल महिन्याभरात वाचता येत नाही. काय करावं? — वडाळा

उत्तर : पिंप नीट पाहा. बहुतेक वेळा बुचाखालून आलेला ओघळ लेबलावरून गेलेला असतो आणि सॉल्व्हंटने शाई धुवून नेलेली असते. लाल चौकटी फिकट गुलाबी होतात, आतली काळी चिन्हं पुसली जातात. लेबल बुचाच्या विरुद्ध बाजूला, पिंपाच्या वरच्या तिसऱ्या भागात लावा. झाकणावर लावू नका. झाकणं पिंपांमध्ये अदलाबदल होतात. छोट्या कॅनमध्ये काढलेल्या मालावरही रसायनाचं नाव, संकेतशब्द, चिन्ह आणि एच-वाक्य हवंच. पाण्याच्या बाटलीत तर पाच मिनिटांसाठीही काढू नका, मग तिच्यावर काहीही चिकटवलेलं असो. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.