आधी रस्ते आखून घे

सप्रेम नमस्कार,

तुझा मसुदा नीट वाचला. उपनगरातल्या जुन्या केंद्राचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा तुझ्या हाती आला आहे आणि मेहनत तू भरपूर घेतली आहेस, हे पानापानावर दिसतं. तरी मुखपृष्ठावरचं ते २०५५ सालचं चित्र आधी काढून टाक. उंच इमारती, झाडांच्या रांगा, निवांत फिरणारी कुटुंबं. लोक आराखडा वाचत नाहीत, चित्र बघतात. लोकप्रतिनिधी तेच धरून बसतील, विकासक त्याचीच जाहिरात करतील आणि दहा वर्षांनी तसं काही उभं राहिलेलं दिसलं नाही, की आराखडाच फसला असा बोभाटा होईल.

तीस वर्षांत बांधकामाच्या धंद्यात दोन-तीन तेजी-मंदी येऊन जातात. दुकानदारीची तऱ्हा बदलते, कार्यालयं लहान-मोठी होतात. कोणती इमारत कुठे आणि कधी येईल, हे तुझ्या हातात नाही. मग काय पक्कं करायचं आणि काय मोकळं सोडायचं, हा खरा प्रश्न आहे. तुझ्या मसुद्यात नेमकं उलटं झालंय. इमारतींचा वापर मजल्यागणिक ठरवलाय आणि रस्ते मात्र तुटक रेषांनी दाखवलेत, 'सूचक' असं लिहून.

व्हिक्टर ग्रुएनचं उदाहरण घे. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला हा वास्तुरचनाकार. मिनेसोटातल्या इडायना या उपनगरात त्याने आखलेला साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल १९५६ साली उघडला आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. ग्रुएनच्या मूळ आराखड्यात मात्र मॉल हा फक्त मधला तुकडा होता. भोवती घरं, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग, तळं असं अख्खं गाव त्याने कल्पिलं होतं. प्रत्यक्षात उभा राहिला तो मॉल आणि त्याच्या चहूबाजूंना वाहनतळाचं डांबर. मॉलला मालक होता, त्यात पैसा होता. बाकीचं गाव कागदावर होतं, पण ते बांधायला कोणीच बांधील नव्हतं. उतारवयात ग्रुएनने अशा मॉलशी आपला संबंध जाहीरपणे झटकला. तोवर उशीर झाला होता.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक चांगल्या गोष्टीपुढे लिही: हे कोण बांधणार, आणि नाही बांधलं तर त्याचं काय अडणार? काहीच अडत नसेल, तर ती गोष्ट होणार नाही असं समजून चाल.

आता रस्ते. इमारत चाळीस-पन्नास वर्षांत पाडली जाते, दुकानाची सजावट तर दर काही वर्षांनी बदलते. रस्त्याची रेषा आणि भूखंडाची हद्द मात्र एकदा पडली की शतकभर हलत नाही. तुझ्या केंद्रातला मोठा भूखंड ४०० मीटर बाजूचा धरला, तर तो १६ हेक्टरांचा एकच ठोकळा होतो. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं तर पायी माणसाला बाहेरून ८०० मीटर चालावं लागतं, तेही वाहनतळाच्या कडेने. त्यापेक्षा तो गाडी काढतो. याच ठोकळ्याचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडले तर सोळा भूखंड होतात, आणि प्रत्येक भूखंड स्वतंत्रपणे विकता येतो, पाडता येतो, पुन्हा बांधता येतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या मध्यवस्तीतले भूखंड तर साठेक मीटरांचेच आहेत. एवढे लहान कर असं मी म्हणत नाही, पण शंभर-सव्वाशेच्या वर जाऊ नकोस.

कोलोरॅडोतल्या लेकवुडमध्ये हे झालं. १९६६ साली उघडलेला व्हिला इटालिया मॉल २००१ मध्ये बंद पडला. तो पाडून त्या साधारण शंभर एकरांवर रस्ते काढले, बावीस भूखंड पाडले आणि २००४ पासून तिथे बेलमार नावाची वस्ती आकाराला आली. तिथे सोय अशी होती, की जागा एका हातात आली होती.

तुझ्याकडे तसं नाही. तुझं केंद्र व्हर्जिनियातल्या टायसन्स या उपनगरी केंद्राशी मिळतंजुळतं आहे. जागा अनेकांच्या, प्रत्येकाचं वाहनतळ वेगळं, मधून भरधाव रस्ते. फेअरफॅक्स कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, २०१० साली तिथला नवा आराखडा मंजूर केला. २०५० पर्यंत एक लाख रहिवासी, दोन लाख नोकऱ्या, आणि वाढीचा तीन-चतुर्थांश भाग मेट्रो स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरात. २०१४ मध्ये चार स्थानकं सुरूही झाली. रस्त्यांचं जाळं मात्र एकेक मालक परवानगीला येईल तसतसं, तुकड्या-तुकड्यानेच येणार. तुझ्याकडेही हेच होईल. आज आखलेला रस्ता एका मालकाच्या जागेत पूर्ण होईल आणि शेजाऱ्याच्या भिंतीशी येऊन थांबेल, कदाचित पंधरा वर्षं. त्या अर्धवट तुकड्याचं मधल्या काळात काय करायचं, तो कोणी झाडायचा, तिथून वाहिन्या कशा न्यायच्या, हे आराखड्यात लिही. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण आराखडे इथेच मोडतात.

मालकीचा नकाशा तुझ्या मसुद्यात नाही, आणि तो नसताना बाकीच्या नकाशांना फारसा अर्थ नाही. नुसत्या मालकांची नावंही पुरत नाहीत, भाडेकरार बघ. मोठ्या दुकानांच्या जुन्या करारांत बऱ्याचदा अशी कलमं असतात, की त्यांच्या संमतीशिवाय वाहनतळावर बांधकाम करता येत नाही किंवा रस्त्यावरून दिसणारी त्यांची दर्शनी बाजू झाकता येत नाही. तू ज्या जागेवर चौक दाखवला आहेस, ती अशा एखाद्या कराराने पुढची वीस वर्षं अडकलेली असू शकते. लहान-लहान तुकड्यांचे मालक असतील तिथे जागा एकत्र करून, नवे रस्ते काढून, उरलेली जमीन त्याच मालकांना नव्या आकारात परत वाटायची पद्धत वापरता येईल. फ्रँकफर्टमध्ये महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ साली तसा कायदा झाला. जपानमध्ये तर टोकियोबाहेरचं तामा देनएन-तोशी हे प्रचंड उपनगर एका खासगी रेल्वे कंपनीने याच मार्गाने वसवलं. मालकाच्या हाती कमी जमीन येते, पण रस्त्यावरची येते. हे त्याला आकड्यांत मांडून दाखवावं लागतं, भाषणाने त्याला ते पटत नाही.

एफएसआयबद्दल, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करू द्यायचं याबद्दल, तुझ्याशी माझा सरळ मतभेद आहे. तू सगळ्या केंद्राला पहिल्याच दिवशी सर्वोच्च एफएसआय देऊन टाकला आहेस, विकासाला चालना मिळावी म्हणून. तो जाहीर झाला की जमिनीचा भाव लगेच तिथवर चढतो. त्या भावाने जागा घेतलेल्या विकासकाकडे नंतर रस्त्यासाठी पट्टा, बाग, परवडणारी घरं असं काही मागितलं, की तो म्हणतो हिशेब बसत नाही. आणि तो खोटं बोलत नसतो. तो पैसा आधीच्या जमीनमालकाच्या खिशात गेलेला असतो. म्हणून मूळ एफएसआय आजच्या वापराच्या आसपास ठेव, आणि वरचा हवा असेल तर त्याबदल्यात काय द्यावं लागेल ते आधीच, मोजमापासह छापून टाक. घासाघीस चालू राहिली की भाव पुन्हा अंदाजावर चढतात.

हाँगकाँगच्या एमटीआर या रेल्वे कंपनीने या वाढीव किमतीचा उलट उपयोग करून घेतला. स्थानकावरच्या आणि आसपासच्या जागेचे विकासहक्क ती सरकारकडून रेल्वे येण्याआधीच्या भावाने घेते, विकासकांबरोबर तिथे बांधकाम करते, आणि रेल्वेमुळे वाढलेली किंमत रेल्वेच्याच खर्चाला लावते. जसंच्या तसं ते तुला करता येणार नाही, तिथे जमीन सरकारची आहे. पण किंमत वाढण्याच्या आधी काय ते मागून घ्यायचं, हा क्रम कुठेही लागू पडतो.

घनता कुठे द्यायची? तुझ्या नकाशात ती सगळीकडे सारखी पसरली आहे. केंद्राच्या मध्याभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास २०० हेक्टर, ४०० मीटरचं फक्त ५०. आतल्या वर्तुळातल्या इमारती आणि बाहेरच्या वर्तुळातल्या इमारती यांत ठळक फरक हवा. व्हर्जिनियातल्याच आर्लिंग्टन कौंटीने हे कसं केलं, ते मन लावून अभ्यास. मेट्रोचा मार्ग महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून नेण्याचा बेत होता. आर्लिंग्टनने आग्रह धरला, की तो विल्सन बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या, धंदा ओसरत चाललेल्या जुन्या बाजारपट्ट्याखालून, भुयारातून जावा. १९७९ च्या अखेरीस बॉल्स्टनपर्यंत गाडी सुरू झाली. रॉसलिन ते बॉल्स्टन या पाच स्थानकांभोवती उंच इमारतींना मुभा मिळाली, आणि तिथून थोड्याच अंतरावरची बैठ्या घरांची वस्ती तशीच ठेवायची असं ठरलं. मधे उंची पायरीपायरीने उतरते. प्रत्येक स्थानकाचा स्वभावही वेगळा ठरवला. एक कार्यालयांचं, एक सरकारी कारभाराचं, एक खरेदीचं आणि फिरण्याचं.

मला त्यातली उंचीपेक्षा सातत्याची बाब मोठी वाटते. मंडळं बदलली, अधिकारी निवृत्त झाले, पण ती रेषा दशकानुदशकं पाळली गेली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी टॉवर येणार नाही याची खात्री असल्यावर लोक दोन गल्ल्या पलीकडचा टॉवर सहन करतात. रेषा एकदा एका विकासकासाठी सरकवली, की पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला लोक विरोध करणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

'इथेच राहा, इथेच काम करा' हे वाक्य तू चार ठिकाणी वापरलंयस. स्टॉकहोमने १९५४ साली वेलिंगबी हे उपनगर उघडलं तेव्हा काम, घर आणि केंद्र तिन्ही एकत्र असावं हीच कल्पना होती. महापालिका १९०४ पासून बाहेरची जमीन विकत घेत आली होती, त्यामुळे जागाही तिचीच. एवढं करूनही बहुतेक रहिवासी कामाला दुसरीकडेच जात राहिले आणि तिथल्या कचेऱ्यांत बाहेरून माणसं येत राहिली. माणूस घर एकदा घेतो, नोकरी अनेकदा बदलतो, शिवाय घरात कमावणारी दोघं असतात. पण सकाळी गाड्या दोन्ही दिशांना भरून धावू लागल्या, एक बाजू रिकामी राहिली नाही. नोकऱ्या आणण्याचं समर्थन करायचं तर या कारणाने कर.

वाहनतळाचा हिशेब थोडक्यात सांगतो. येण्या-जाण्याची वाट धरून एका गाडीला साधारण ३० चौरस मीटर लागतात. तू दर १०० चौरस मीटर दुकानामागे चार गाड्यांची सक्ती ठेवली आहेस, म्हणजे १०० चौरस मीटर दुकानाला १२० चौरस मीटर वाहनतळ. ही सक्ती ठेवलीस तर बाकीचं सगळं विसर. कार्यालयांचं तळ संध्याकाळी रिकामं होतं, तेच उपाहारगृहांना वापरू दे. रस्त्यावरच्या जागेला शुल्क लाव आणि आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च कर. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराने जुन्या बाजारात १९९३ साली तसं केलं आणि विरोध करणारे दुकानदारच पुढे त्याच्या बाजूचे झाले.

टप्पे तू सालांनुसार पाडले आहेस, ते घरांच्या संख्येवर पाड. '२०३५ मध्ये शाळा' या वाक्याला कोणी विचारत नाही. 'अमुक इतक्या घरांनंतर शाळा सुरू झाल्याशिवाय पुढच्या घरांना परवानगी नाही' या वाक्याला विचारावंच लागतं. मलवाहिनी आणि पावसाळी पाण्याची वाट यांना पहिल्या टप्प्यात घे, त्या नंतर टाकणं म्हणजे नवे रस्ते खोदणं. आणि वाहतुकीच्या त्या मॉडेलमधून २०५५ च्या चौकातल्या गाड्या दशांशापर्यंत काढून दाखवायची तेवढी गरज नाही.

एकाच मोठ्या प्रकल्पावर सगळा भार टाकू नकोस. लंडनच्या क्रॉयडनमध्ये मुख्य बाजारकेंद्राच्या प्रचंड पुनर्विकासाला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, आणि पुढची दहा वर्षं उलटली तरी तो उभा राहिला नाही. पाडणार-पाडणार म्हणत राहिलेल्या जागेत कोणी नवं दुकान थाटत नाही, कोणी छप्परही दुरुस्त करत नाही. तुझ्या मसुद्यातल्या दक्षिणेकडच्या तुकड्याचं असं होऊ शकतं. मंजुरीला मुदत घाल आणि त्या काळात तिथे थोड्या भाड्यावर लहान धंदे चालू देण्याची अट घाल. जुन्या, ओबडधोबड इमारतींपैकी काही मुद्दाम शिल्लक ठेव. नव्या इमारतीचं भाडं चांभाराला, शिकवणीच्या वर्गाला किंवा नुकतंच दुकान काढणाऱ्याला झेपत नाही, आणि ही माणसं नसतील तर ते केंद्र कसलं?

सुनावणीला आसपासचे घरमालक येतील. दुकानांत उभं राहून काम करणारे, भाडेकरू आणि दहा वर्षांनी तिथे राहायला येणारे येणार नाहीत. पहिल्या दोघांकडे तू स्वतः जा, दुपारी, त्यांच्या कामाच्या जागी. तिसऱ्यांची बाजू टिपणात तुलाच मांडावी लागेल. घरमालकांना मात्र हवाई चित्र दाखवू नकोस. त्यांच्या कुंपणापासून पहिल्या नव्या इमारतीपर्यंतचा उभा छेद काढ, मीटरमध्ये, डिसेंबरच्या दुपारच्या सावलीसकट.

भाडेकरारांची माहिती मिळवायला वेळ लागेल, काही मालक देणारही नाहीत. जेवढी मिळेल तेवढी नकाशावर चढव, रस्त्यांच्या रेषा त्याप्रमाणे सरकव आणि मगच एफएसआयचं प्रकरण पुन्हा लिहायला घे. ते झालं की पाठव, छेदांसकट.

तुझा,
एक जुना नगररचनाकार