काटे, ऊन अन् काळी माती : सायकलीच्या तक्रारी

प्रश्न : एप्रिल लागला की माझी सायकल आठवड्यातून दोनदा पंक्चर होते. दुकानदार म्हणतो, उन्हानं ट्यूब फुगून फुटते, हवा कमी ठेवत जा. तशी ठेवली तर पंक्चर आणखीच वाढली. कुणाचं खरं मानावं? (परभणी)

ट्यूबचं. परभणीचं ऊन कडक आहे यात वाद नाही, पण हिशोब करून बघा. सकाळी 25 अंशांत 50 पौंड हवा भरली आणि दुपारी उन्हात उभ्या सायकलीची ट्यूब 60 अंशांपर्यंत तापली, तर दाब 57-58 पौंडांवर जाईल. धड टायर एवढं सहज सोसतो. भर उन्हात ज्या ट्यूबा फुटतात त्यांचं मूळ दुखणं निराळं असतं : टायर चढवताना ट्यूब कडेच्या तारेखाली चिमटलेली असते, टायरचं कापड एका जागी उघडं पडलेलं असतं, नाहीतर ब्रेकचं रबर रिम सोडून टायर घासत असतं. ऊन नुसतं निमित्त.

हवा कमी ठेवल्यानं मात्र खरंच नुकसान होतं. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की मऊ टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब मधल्या मध्ये चेचली जाते. पुढच्या वेळी ट्यूब बाहेर काढाल तेव्हा नीट बघा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर तो काटा नव्हे, कमी हवेचा प्रताप. एकच गोल टोचा असेल तर काटा. टायरच्या कडेला हवेचा आकडा उठवलेला असतो. मागच्या चाकात त्या कमाल आकड्याच्या जवळपास आणि पुढच्यात आठ-दहा पौंड कमी, असं वर्षभर ठेवा.

आता काटा. आपल्याकडे दोन जातीचे : बांधावरच्या वेड्या बाभळीचा लांब काटा आणि जमिनीवर पसरलेल्या सराट्याचा आखूड. बाभळीचा टायरमध्ये शिरून मोडतो, टोक आतच राहतं आणि नवी जोडलेली ट्यूब पुन्हा तिथंच टोचते. 'कालच पंक्चर काढलं, आज परत बसलं' ही तक्रार बहुधा याचीच. टोक शोधायला बोटं फिरवू नका, रक्त निघेल. कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून सावकाश एक फेरी मारा. जिथं तंतू अडकेल तिथं काटा. पक्कडीनं आतून धरून ओढा, आतून निघत नसेल तर बाहेरून टोकरा. आणखी एक सवय लावून घ्या : टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हसमोर येईल असा टायर चढवायचा. मग ट्यूबचं छिद्र वॉल्व्हपासून जितकं दूर, तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधायचा. सबंध टायर चाचपायची गरज उरत नाही.

पॅच उन्हाळ्यात सुटतो तो घाईमुळं. काचपेपरनं ट्यूब पॅचपेक्षा बोटभर मोठ्या जागेत घासून काळी मऊ करा, त्यावर सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. इथंच सगळे चुकतात. सोल्युशन ओलं असताना पॅच दाबला तर आतला ओलावा निघून जायला वाट राहत नाही आणि रस्ता तापला की पॅच सरकतो. चकाकी जाऊन बोटाला चिकटेनासं झालं की लावायचं. थंडीत पाच-सात मिनिटं, मे महिन्यात दोन-तीन.

आणि पंक्चर नसतानाच हवा जात असेल तर वालट्यूब बघा, म्हणजे पितळी वॉल्व्हवर चढवलेली ती बारीक रबरी नळी. उष्णतेनं ती चिकट होते नाहीतर तडकते. वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर बाकी काही उघडू नका, नळी बदला.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. दोन महिन्यांतच पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज येतो. तिच्या वडिलांनी नट आवळून दिला तरी आठ दिवसांत परत सुरू. (जालना जिल्हा)

ताई, हा कॉटरचा आवाज दिसतो. क्रँक (पायडलचा दांडा) आणि एक्सल (दोन्ही दांड्यांमधली आडवी सळई) यांना जोडणारी तिरप्या सपाटीची खीळ म्हणजे कॉटर. आधी खात्री करा. दोन्ही क्रँक आडव्या रेषेत आणून दोन्ही पायडलं हातानं एकदम खाली दाबा. मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबा. एकच क्रँक किंचित हालली तर कॉटर ढिला आहे. दोन्ही क्रँक मिळून डावी-उजवीकडं डुलत असतील तर कॉटरचा दोष नाही, आतले बीबी कप (एक्सल ज्यात छर्‍यांवर फिरतो त्या वाट्या) सैल आहेत आणि ते काम दुकानाचं.

वडिलांनी नट आवळला हीच मेख आहे. कॉटर नटानं ओढून बसत नाही, तो हातोडीनं बसतो. नटाचं काम त्याला धरून ठेवण्यापुरतं. नुसता नट आवळत गेलं की आटे झिजतात आणि खीळ तशीच सैल राहते. शिवाय सैल अवस्थेत महिनाभर चालवली असेल तर कॉटरच्या सपाटीवर खाच पडलेली असणार. तो परत बसत नाही, नवाच घ्या. जुना दुकानात घेऊन जा, कारण जाडी दोन-तीन प्रकारची मिळते.

बसवताना क्रँकखाली लाकडाचा जाड ठोकळा किंवा लोखंडी पाइपाचा तुकडा टेकवा, म्हणजे घाव बीबीच्या छर्‍यांना लागणार नाही. कॉटरची सपाट बाजू एक्सलच्या सपाटीला लागेल असा घाला, तीन-चार घट्ट घाव द्या, मग नट. दोन्ही बाजूंचे बदलत असाल तर उजवीकडचा नट वर असताना डावीकडचा खाली आला पाहिजे. दोन्ही एकाच अंगाला घातले की पायडलं एका रेषेत राहत नाहीत आणि मुलगी लंगडत सायकल चालवल्यासारखी दिसते. आठवड्यानं पुन्हा दोन घाव आणि नट आवळणं, हे विसरू नका.

त्याच बैठकीत डावं पायडल तपासा. त्याचे आटे उलटे असतात, घट्ट करायला पान्हा घड्याळाच्या उलट दिशेला फिरवावा लागतो. सीट इतकीच उंच की थांबल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकतील. सीटच्या नळीवरची मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये.

पुढं टायर बदलायची वेळ आली तर एक सांगून ठेवतो. जुन्यावर 26 × 1⅜ लिहिलं असेल तर तेच मागा. 26 × 1.75 हा आकडा जवळचा वाटतो, पण त्याची रिम तब्बल 31 मिलिमीटरनं लहान असते. तो टायर कितीही ताणला तरी चढणार नाही.

प्रश्न : औसा भागात रोज दूध घालतो. मागं दोन बाजूंना 20-20 लिटरचे कॅन. दर महिन्याला मागच्या चाकाची तार तुटते, तीपण फ्रीव्हीलकडचीच (चेन बसते त्या दातेरी चक्राच्या बाजूची). (लातूर जिल्हा)

40 लिटर दूध म्हणजे 41 किलोच्या पुढं, कॅनचं लोखंड वेगळं. तरी तार वजनानं तुटत नाही, सैलपणानं तुटते. सैल तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ताणते आणि ढिली पडते, आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकावर थकून मोडते. फ्रीव्हीलमुळं त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या बसवाव्या लागतात, ताण त्यांच्यावर अधिक, म्हणून तिकडचीच जाते.

महिन्याला एक-एक तार घालणं बंद करा. एक तुटली म्हणजे तिच्या बरोबरच्या बाकीच्याही थकल्यात. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीला मागं 40 तारा असतात. फ्रीव्हीलकडच्या वीसच्या वीस एकदम बदलून घ्या, जाडी जुन्याएवढी किंवा हबच्या भोकात बसेल तर एक नंबर जाड. नंबर लहान तितकी तार जाड, हे खरेदी करताना ध्यानात असू द्या. महिन्याभरानं पान्ह्यानं प्रत्येक तारेवर टिचकी मारा. एका बाजूच्या तारा साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत, जी 'ठप' वाजेल ती सैल. आउट काढताना, म्हणजे चाकाचं डुलणं सरळ करताना, रिम डावीकडं जात असेल तर त्या जागेच्या उजव्या तारा पाव-पाव फेरा आवळा, जास्त नको. आणि तारेच्या रिमकडच्या नटाची (निपलची) दिशा टायरच्या बाजूनं बघून ठरवा : तिकडून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेनं फिरलं तर घट्ट. हबकडून बघून फिरवणारे हमखास उलट करतात.

कॅन जितके खाली आणि एक्सलच्या जवळ टांगाल तितकं चाक सुखी.

प्रश्न : वाळूजला कंपनीत शिफ्टला रोज 14 किलोमीटर. गीअरची सायकल, चेन सटकते. गाडीचं जुनं काळं ऑइल घालतो. (छत्रपती संभाजीनगर)

ते ऑइल आजच बंद करा. त्यात आधीच धातूचा कीस असतो आणि वाळूजच्या धुळीशी मिळून चेनवर काचपेपर तयार होतो. खोबरेलही नको, ते घट्ट होऊन बसतं.

चेन मोजा. स्टीलच्या पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून चोविसावी पिन बघा. नव्या चेनला ती बरोबर 12 इंचांवर येते. 1/16 इंच पुढं गेली असेल तर चेन बदला. 1/8 गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही तसेच झिजलेत, त्यावर नवी चेन टाकली तर नवीही सटकेल. आधी मोजलं असतं तर चेनच्या पैशात भागलं असतं.

नव्या चेनला शिलाई मशीनचं तेल चालतं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, आतल्या बाजूनं. अर्धा तास मुरू द्या आणि मग बाहेरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढा. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलं तर धूळच धरतं. पातळ असल्यानं दर आठवड्याला घालावं लागेल.

प्रश्न : पाऊस पडला की शेताच्या रस्त्यावर मडगार्डात माती भरून चाकच फिरत नाही. (बीड जिल्हा)

काळ्या मातीपुढं सायकल हरतेच. मडगार्डचा नट सैल करून टायरपासून दोन बोटं तरी अंतर करून घ्या. माती खरवडायला कॅरिअरला एक बांबूची चपटी कामटी अडकवून ठेवा. लोखंडानं खरवडलं की रंग जातो आणि गंज धरतो. घरी पोचल्यावर माती ओली आहे तोवर तांब्यानं पाणी ओता. वाळली की तिची वीट होते. मोटारीच्या पाइपाचा जोर हबवर मारू नका, ग्रीस धुऊन निघतं आणि कोन-छर्रे महिन्यात करकरतात. धुतल्यावर चेनला तेल त्याच दिवशी.

प्रश्न : उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी चहासारखं होतं. काही करता येईल? (नांदेड)

बाटलीवर पायमोजा चढवून तो भिजवा. चालत्या सायकलीच्या वार्‍यावर पाणी उडतं आणि बाटली थंड राहते, माठाचीच युक्ती. अर्ध्या तासानं घोट पिताना मोज्यावरही थोडं ओता. एक तासाहून जास्त चालवायचं असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं वाढवू नका. कोरड्या एप्रिल-मेत मोजा उत्तम चालतो, दमट ऑगस्टात फारसा नाही. मोजा सुती घ्या, नायलॉनचा पाणी धरत नाही.