घरकुलाच्या उंच इमारतीत घर घ्यावं का? आधी कॉमन मीटर कुणाच्या नावावर आहे ते विचारा

तुम्ही विचारलंय, सांगलीत घरकुलाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर मिळतंय, पण अशा सरकारी उंच इमारतींत चार-पाच वर्षांत वस्ती बिघडते, बैठ्या घरांतला शेजार उरत नाही असं लोक सांगतात, ते खरं का आणि घर घ्यावं का?

घ्या. आणि जो कुणी "वस्ती बिघडते" म्हणाला त्याला पाणी डोक्यावर घेऊन सहा मजले चढायला सांगा, मग बोलू.

मी अशाच इमारतीत राहतो. तळमजला धरून आठ मजले, 48 घरं, आमचं पाचव्यावर. त्याआधी नदीकडच्या खोलगटात पत्र्याच्या घरात होतो. 2005 च्या पुरात ते आढ्यापर्यंत बुडालं. पोटापाण्याला मी लिफ्टचं काम करतो. आयटीआय झाल्यापासून सांगली-मिरजेत कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या मशीनरूममध्येच असतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

घर फुकट मिळालं, म्हणून लोकांना किंमत नाही, हे पण तुम्हाला ऐकवतील. आमची इमारत एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रमातली, 2005 च्या डिसेंबरात केंद्रानं आणलेल्या योजनेतली. त्या योजनेच्या नियमातच होतं की घर फुकट द्यायचं नाही, लाभार्थ्यानं किमान 12 टक्के भरायचे, मागासवर्गीयांनी 10 टक्के. आईनं बोरमाळ मोडून आमचा वाटा भरला. घर शक्यतो बाईच्या नावावर करावं हेही त्याच नियमात, त्यामुळे कागदावर नाव तिचंच आहे.

आता खरं दुखणं सांगतो. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे एकाच कॉमन मीटरवर चालतात. आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटी नोंदलेली नव्हती. मीटर भलत्याच कुणाच्या तरी नावावर होतं, आणि बिल कुणी भरायचं हे चावी देताना कुणी सांगितलं नाही. दोन वर्षं कसंबसं चाललं. मग बिल थकलं, वीज तोडली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली ती अकरा महिने. बंद लिफ्ट आहे तशी राहत नाही. लिफ्टखालच्या खड्ड्यात, म्हणजे पिटात, टाकीचं झिरपलेलं पाणी साठलं, लिफ्टच्या तारेच्या दोरांवर गंज चढला, लिफ्टसोबत वरखाली जाणारी विजेची केबल उंदरांनी कुरतडली. हजारांत होणारं काम लाखावर गेलं.

त्याच काळात एका रात्री आईला श्वास लागला. 108 ची गाडी खाली आली, पण स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि छातीवरून साडी घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधलं. चौघांनी उचललं. प्रत्येक वळणावर खुर्चीचे मागचे पाय कठड्याला अडकायचे, मग खुर्ची तिरकी करावी लागायची आणि आई पुढे कलायची. तिचा हात माझ्या मनगटावर होता, नखं रुतलेली. दारं उघडत गेली, लोक मोबाईलचा उजेड धरून उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी पायात चपला न घालता गाडीत बसल्या आणि सकाळपर्यंत आईपाशी थांबल्या. शेजार उरत नाही म्हणणाऱ्यांनी ती रात्र बघायला हवी होती. आई बरी झाली.

खुर्चीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे सगळं वजन जिथं येतं तिथं, तळमजल्यावरच्या काकांची दोन्ही पोरं होती. हे काका वडिलांचे जुन्या वस्तीतले सोबती. आठवडाभरानं बैठक घेतली, घरटी दीडशे रुपये महिना काढायचे आणि लिफ्ट सुरू करायची असं मांडलं. काका म्हणाले, "आरं, मी तळमजल्याला. लिफ्टचा अन् माझा संबंध काय? तुझ्या आईला परत उचलायची वेळ आली तर पोरं येतील की माझी. पैसं मागू नगंस."

बरेच महिने आमचा हा वाद चालला. काका चुकत होते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, स्पष्ट आहे की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरो वा न वापरो. शिवाय मोटर त्याच मीटरवर, म्हणजे काकांच्या नळालाही पाणी नव्हतं. त्यांच्या सूनबाई घागरी भरून आणत होत्या. पोरं खुर्ची उचलतील हे मला मान्य आहे, शंभर वेळा उचलतील. पण पोरं कामावर असली, दुपारची वेळ असली, मग?

शेवटी सोसायटी नोंदवली, थकबाकी हप्त्यानं फेडली, लिफ्ट मी मजुरी न घेता दुरुस्त केली. आता घरटी दोनशे रुपये निघतात. काकांकडचे सूनबाई आणून देतात आणि रजिस्टरात नाव काकांचं लिहायला सांगतात.

वस्ती बिघडते ती माणसांमुळे नाही, देखभाल थांबल्यानं. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत होती. अकरा मजल्यांच्या 33 इमारती. काटकसर म्हणून लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. देखभाल भाडेकऱ्यांच्या भाड्यातून व्हायची होती. घरं रिकामी पडत गेली तसं भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. 1972 पासून इमारती पाडायला घेतल्या आणि नाव खराब झालं तिथल्या गरिबांचं. सिंगापूरमध्येही जुन्या सरकारी इमारतींत लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबायची. तिथल्या सरकारनं 2001 मध्ये खास कार्यक्रम काढून जमेल तिथं ती प्रत्येक मजल्यावर आणायला घेतली. आज तिथली बहुतांश जनता सरकारी फ्लॅटमध्येच राहते. माणसं दोन्हीकडे कष्टकरीच.

तर ताबा घेण्याआधी विचारा: सोसायटी नोंदली आहे का, कॉमन मीटर कुणाच्या नावावर, लिफ्टच्या देखभालीचा करार (एएमसी) किती वर्षांचा. उत्तर देत नसतील तरी घर सोडू नका, चार शेजारी जमवून पहिल्या महिन्यापासून पैसे काढायला लागा. थकल्यावर कुणी देत नाही.

घरात कुणाचे गुडघे गेलेले असतील किंवा हातगाडीचा धंदा असेल तर मात्र खालचा मजला मागून बघा. आमच्याकडे दोघांनी गाडा ठेवायला जागा नाही म्हणून घर भाड्यानं दिलं आणि परत पत्र्यात गेले. त्यांना मी दोष देत नाही.

आणि इमारत पुराच्या पट्ट्यात असेल तर मीटरचं पॅनल किती उंचीवर बसवलंय ते स्वतः जाऊन बघा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर कितीतरी इमारतींची तळमजल्यावरची पॅनलं मी चिखलातून बाहेर काढली. वरचे सगळे मजले कोरडे होते, पण ना मोटर चालत होती, ना लिफ्ट.